काशीचा भोवरा

लिंबाजी मास्तरनं कुणाला "चांगलं" म्हणलेलं मी तर कधी आयकलं न्हाई. पाचवीपासनं सातवीपातुर चित्रकलेला आमाला तेच व्हते. वही दाखवायला गेलं की चष्मा कपाळावर सारायचे, वही पार नाकाला लावायचे अन् म्हणायचे, "बग."

आमी बगायचो.

"काय बगलीस?"

"सर, तांब्या."

"तांब्या हाय ते मलाबी दिसायलंय. पोचा कुटं हाय ह्याला? घरचा तांब्या बगून काढ म्हणलं का मनातला काढ म्हणलं? देवानं डोळे दिलेत का चिंचोके बसवलेत?"

एकेका तांब्याला चार-चार खेपा घालाव्या लागायच्या. पोरी रडायच्या. मी तर पयल्यापासनं भित्री, मला मास्तरच्या खोकल्याचंबी भ्या वाटायचं, अन् भ्या वाटतंय म्हणून हात कापायचा, हात कापला की रेघ वाकडी, अन् रेघ वाकडी की पुन्यांदा "बग". काय बगू? कितींदा बगू? वैताग यायचा नुसता.

पण जमलं की काय व्हतंय ते आमाला ठाव व्हतं. जमलं की मास्तर काहीच बोलायचे न्हाईत. वही खाली ठिवायचे अन् उठून बाहेर जायचे, हापशापाशी उभं राहून तंबाखू मळायचे. मास्तर बाहेर गेले की पोरं दारातून डोकवायची अन् ज्याची वही आसंल त्याच्या पाठीत गुद्दा घालायची, "गेले रे, बाहेर गेले!" तीन वर्षांत कुणाचं एकदा व्हायचं, कुणाचं दोनदा. माझं एकदाच झालं, अन् त्या एकदाचंच सांगायचं हाय.

मास्तर उंच, वाळलेले, चष्म्याच्या एका काडीला काळा दोरा बांधलेला. आंगात पांढरा सदरा अन् खिशाला गेरूचा डाग, तो डाग कवा गेलाच न्हाई. उजव्या आंगठ्याचं नख वाढवलेलं व्हतं, त्याच नखानं ते आमची रेघ खरवडायचे. मास्तरचं घर वड्याच्या पल्याड, बुद्धवाड्यात. बापाच्या पिढीत तिकडल्या कुणी शाळेचा उंबरा वलांडला नव्हता अन् हे मास्तर होऊन आलते, म्हणून आमच्या गावातल्या लई जणाला ते खुपायचंबी. मास्तर ते दाखवायचे न्हाईत. खऱ्याला मातर हटून बसायचे.

एकदा मोठे सायब येणार म्हणून हेडमास्तर म्हणले, "लिंबाजी, माझं एक चित्र काढून वर्गात लावा." मास्तरनं काढलं. हुबेहूब. हेडमास्तरचा फुडचा एक दात दुसऱ्या दातावर चढलेला व्हता, तोबी काढला.

हेडमास्तर कानडी माणूस, चिडले की त्यांची मराठी तुटायची. "हे दात कामून काढलाव?"

"दात तुमचाच हाय सायब. मी दुसरा कुटून आणू?"

ते चित्र काय लागलं न्हाई. मास्तरनं गुंडाळून कपाटावर ठिवलं अन् तासाला आले, काही झालंच न्हाई असं. आमी हसून हसून बेजार. तवा मला हसू आलतं, खरंच सांगते. त्यो दात आपल्या घरात आल्यावर काय व्हतंय ते मला तवा काय ठाव.

सातवीला असताना कलबुर्गीच्या पदर्शनाला शाळेनं काहीतरी करून धाडायचं ठरलं. रंगाची पेटी आली ती वाळून खडक झालेली. दुसरी शाळा आसती तर गप बसली आसती. मास्तर म्हणले, "रंग रानात हाईत. उद्या येताना मूठ मूठ उडीद आणा." मग म्हणले, आपुन म्हस करू. खऱ्या म्हशीएवढी. जुन्या वर्गाची दोन दारं पडली व्हती, ती आडवी जोडली, वर पोतं ताणून ठोकलं, त्याच्यावर कोळशानं म्हस काढायची अन् मग दाणा दाणा चिटकवायचा. आंगाला उडीद, पोटाखाली जिथं आंग फिकं असतंय तितं हुलगे, शिंगाला जवस, खुराला चिंचोके, डोळ्याला रिठ्याची बी. मागचं सगळं रान जवारीचं. बाभळीचा डिंक आमीच गोळा केला, किडा लागू न्हाई म्हणून लिंबाच्या पाल्याच्या पाण्यात कालवला. घराघरातून शिव्या यायल्या, माझी माय म्हणली, "वरणाला डाळ न्हाई अन् मास्तर दाराला जेवू घालायला."

आता उडीद चिटकवायचा म्हणजे चिटकवायचा की न्हाई? न्हाई. मास्तर म्हणले, म्हशीचा केस जिकडं झोपतोय तिकडंच दाणा झोपला पायजे. पाठीवर मागं, पोटावर खाली, गुडघ्यापाशी वळतोय, कपाळावर गोल फिरतोय. एकेक दाणा बघून उचलायचा, बघून ठिवायचा. दिसभर बसलं तर हाताएवढी जागा व्हायची, अन् सांच्याला मास्तर यायचे, नखानं अर्धी खरवडून काढायचे. "केस उलटा झोपलाय. बग." आमची बोटं डिंकानं चिकटून बसायची, भाकर खाताना डिंकाची चव. सातवीतली दोन पोरं तर शाळाच सोडून गेली रागानं. मला वाटायचं आता संपंल, उद्या संपंल, अन् म्हस काही संपंना.

अन् म्हस कुणाची? आमची. काशी.

मास्तर गावभर फिरून म्हशी बगत व्हते अन् आमच्या दारात येऊन थांबले. काशी मान जरा वाकडी करून उभी राहायची, कुणी हाक मारल्यासारखी. "हिचंच काढायचं," म्हणले. तीन आयतवार दारासमोरच्या दगडावर येऊन बसले. आमी पयले मेंढरंवाले, आज्ज्याच्या बराबर मेंढरं गेली, आता दोन एकर रान अन् काशी. माय चांगली बाई, पण मास्तरला च्या द्यायची ती भिंतीतल्या कोनाड्यातल्या कपात, अन् त्यो कप वेगळा व्हता. मास्तरला ठाव व्हतं. च्या पिऊन कप आपल्या हातानं धुवायचे अन् कोनाड्यात पालथा घालायचे.  मला लाज वाटायची अन् मी काही बोलायची न्हाई.

काशीच्या गळ्यात काळ्या लोकरीचा रुंद कंडा व्हता. माझ्या अप्पानं, म्हणजे बापानं, वळलेला.

"सुबे, गळ्यातलं काढ. मला गळा दिसंना."

"सर, त्यो बिरोबाच्या नवसाचा हाय."

"अर्धा घंटा काढला तर बिरोबा काय रुसायलाय का? काढ."

अप्पा रानात व्हते. मी काढला.

गळ्याच्या उजव्या आंगाला उलटा भोवरा. आमच्याकडं जनावर घेताना दूध मागून बगतेत, भोवरा आदी. केस कुटं फिरलाय, कुनीकडं फिरलाय, त्याच्यावर जनावर लाभाचं का घरधन्याच्या जिवावरचं ते ठरतंय. गळ्याच्या उजव्या आंगाला उलटा फिरलेला भोवरा कुणी फुकटबी नेत न्हाई. अप्पानं घेतली तवा काशी वासरू व्हती, केसाळ, दिसला न्हाई. मग दिसला तवा अप्पानं कंडा वळला अन् नवसाचं नाव केलं. हे घरात आमा चौघाला ठाव. गावात कुणाला न्हाई.

अन् त्याच साली आमच्या जोडीतला एक बैल मेला. आळंदच्या शिवप्पा गवळ्यासंग अप्पाचं ठरलं व्हतं, त्यानं काशी न्यायची अन् बैल द्यायचा. शिवप्पानं काशीला दोनदा पिळून बगलं व्हतं, नवसाचा कंडा म्हणून गळ्याला हात लावला नव्हता. पेरणीच्या आदी बैल येणार व्हता. बैल आला तर अप्पा अन् भाऊ रान बघतेत, अन् मी शाळंत. बैल न्हाई आला तर सगळ्या घराला हातानं रान करावं लागणार, म्हणजे मलाबी. एवढं मला कळत व्हतं, बारा-तेरा वर्षाची व्हते तरी.

अन् दारावरचा गळा मास्तरनं मलाच दिला. "तुजी म्हस हाय, गळा तूच कर."

मी मास्तरच्या पाया पडले बगा. खरंच. वर्गात कुणी नव्हतं तवा. म्हणलं, "सर, येवढा भोवरा नका. साधा केस झोपवते. कुणाला काय कळतंय?"

"म्हशीला इचार," मास्तर म्हणले. "तिनं काढला तर तूबी काढ."

"सर, अप्पाला कळलं तर मला मारतेत. सर, म्हस इकायची हाय."

मास्तरनं चष्मा कपाळावर सारला. माझ्याकडं लई वेळ बगितलं. मला वाटलं आता व्हय म्हणतेत. "त्यो भोवरा हाय म्हणून ती मान वाकडी करती," म्हणले. "भोवरा न्हाई तर ती कुणाचीबी म्हस. बग. मग काय करायचं ते कर."

म्हणजे माझ्यावर टाकून दिलं. त्याचीच चीड जास्त येती. न्हाई म्हणले आसते, मारून करून घेतलं आसतं, तर मी म्हणले आसते मास्तरनं केलं. पण मीच केलं. भिऊन केलं म्हणावं तर तेबी खरं न्हाई, कारण दाणे लावायला लागले अन् मला दुसरं काही सुचंना. एक दाणा मधी, मग त्याला वळसा, मग त्याला वळसा. पाण्यात खडा पडल्यावानी. दोन दिस लागले. दुसऱ्या दिशी सांच्याला मास्तर आले, वाकून बगितलं, नख लावलं न्हाई. काही बोलले न्हाईत. उठले अन् बाहेर गेले.

कुणी पाठीत गुद्दा घालायला नव्हतं. मी एकटीच हसत बसले व्हते, बोटाला डिंक.

चार दिसांनी शाळेत गावाला दाखवायचं ठरलं. डोळा तेवढा राहिला व्हता, डोळ्यापुरती जागा पोत्याची तशीच. मास्तर म्हणले डोळा शेवटाला, सगळ्याच्या म्होरं, सुबी लावंल. मी रिठ्याची बी मुठीत धरून उभी, सगळं गाव शाळेच्या पटांगणात, अन् त्याच दिशी शिवप्पा गवळी बैल घेऊन काशीला न्यायला आलेला, अप्पाच त्याला हौसेनं घेऊन आले, "चल, आमच्या म्हशीचं चित्र केलंय पोरांनी."

शिवप्पानं लांबूनच ओळखली. "आरं, हुबेहूब की!" म्हणत जवळ आला, हात फिरवायला लागला, पाठीवरून, मानंवरून. अन् हात थांबला.

"सुळी हाय की ओ हिला." सुळी म्हणजे कानडीत भोवरा. "उलटी सुळी. कंड्याच्या खाली हेच व्हतं व्हय अप्पा? देवाचं नाव घेऊन माझ्या गळ्यात बांधायला निघालता?"

 अप्पानं माझ्याकडं बगितलं. मी मूठ इतकी आवळली की बी तळव्यात रुतली.

शिवप्पा बैल घेऊन गेला. दुसऱ्या दिशी अप्पानं माझं दप्तर माळ्यावर टाकलं अन् हातात खुरपं दिलं. मारलं न्हाई, मारलं आसतं तर बरं झालं आसतं. मास्तर दोनदा घरी आलते, दारासमोर उभे राहिले, त्या दगडावर बसले न्हाईत.

"पोरीला धाडा. चार महिन्याची गोस्ट हाय, सातवी होईल."

"आदी माझी म्हस इकून दे मास्तर," अप्पा म्हणले. "मग पोरगी नेऊन काढ चित्रं."

मी दाराच्या मागं उभी. मला वाटत व्हतं मास्तरनं भांडावं. हेडमास्तरशी दातावरून भांडतोय माणूस, माझ्यासाठी भांडंना. मास्तर खाली मान घालून गेले. सातवी अर्धी राहिली. दोन वर्षांनी लग्न झालं, अफजलपूरकडं दिलं, ऊस अन् पाणी अन् सासू. तितं मला सगळ्याचंच भ्या. लेकरू झालं तवापासनं तर जास्तच, ताप आला तर भ्या, न्हाई आला तर का न्हाई आला म्हणून भ्या.

अवंदा उन्हाळ्यात माहेराला गेले लेकीचं जावळ काढायला, आत्यांनी, म्हणजे सासूनं, दोनच दिस दिलते. माय म्हणली, मास्तरचा निरोप हाय, या महिन्यात ते रिटायर व्हायलेत. "सुबी आली तर म्हणावं, काम अर्धं हाय."

मला आसा राग आला. नऊ वर्षांनी काय, तर काम अर्धं हाय. तरी गेले, लेक काखंत घेऊन, पळतच गेले, परत यष्टी गाठायची व्हती.

मास्तर वर्गात एकटेच. केस पार पांढरे, दोरा आता दोन्ही काड्यांना. दोन दारं भिंतीला टेकून उभी. म्हस जशीच्या तशी. दरसाली किडे खायचे म्हणं, अन् दरसाली सातवीची पोरं जिथं खाल्लं तितं भरायची. पदर्शनाला काय कवा गेलीच न्हाई, डोळ्याबिगर धाडायची न्हाई म्हणून मास्तर बसले. डोळ्याची जागा रिकामी. पोरं लावू का म्हणायची तर मास्तर म्हणायचे, ती जागा हाय एकीची.

मी "कशी हाय तब्येत सर" म्हणायला तोंड उघडलं अन् गळा बगितला.

भोवरा नव्हता. सगळे दाणे सरळ, खाली झोपलेले. नवे न्हाईत, जुने, डिंक काळा पडलेला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कवा?"

"त्याच आठवड्यात. शिवप्पा गेल्यावर." मास्तर चष्मा पुसायले. "बैलगाडीत दारं घालून आळंदला नेलती. म्हणलं पोरांची चूक झाली, भोवरा न्हाई, हे बगा. त्यो हसला. म्हणला, मास्तर, चित्रातली सुळी काढलास, म्हशीची कशी काढशील."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथंच खाली बसले. इतकी वर्षं जे गिळलं ते सगळं तोंडाला आलं.

"मी पाया पडले तवा? तवा एक दाणा हलवला न्हाई तुमी. म्हशीला इचार म्हणले. मग आता कुणाला इचारलं? माझी शाळा गेली त्याच्यात, अन् तुमी त्योच काढून टाकलाव?"

  मास्तरचा नख वाढवलेला आंगठा नुसता हलत व्हता.

मी लेकीला बाजूला बसवलं, केसातला आकडा काढला अन् गळ्याचे दाणे उकरायला लागले. निघंनात. बोटाला लागलं, तरी उकरून काढले. मास्तरनं डिंकाची वाटी माझ्याकडं सरकवली, उडदाचा डबा सरकवला. मी मधी एक दाणा ठिवला. वर बगायची गरज नव्हती. काशी मरंपातुर चार वर्षं त्या गळ्याला मी खाजवलंय, पयली रानातनं आल्यावर, मग माहेरपणाला आल्यावर. केस कुनीकडं फिरतोय ते माझ्या बोटाला ठाव व्हतं. मास्तर मागं उभे. एकदा त्यांनी "ब" म्हणलं अन् फुडचं गिळलं.

तेवढ्यात लेकीनं घशातून आवाज केला. बगते तर तोंड लाल, डोळे पांढरे. रिठ्याची बी. मास्तरनं डब्याच्या झाकणावर ठिवली व्हती ती, लेकीनं तोंडात घातली. मी तिला उचललं अन् वरडले, काय करू ते सुचंना. मास्तरनं माझ्या हातातून लेकरू हिसकलं, हातावर पालथं घातलं अन् पाठीत दोन थापा दिल्या. बी टपकन फरशीवर पडली. लेक भोंगा पसरून रडायला लागली, अन् मीबी.

मास्तरनं बी उचलली. सदऱ्याला पुसायला गेले अन् थांबले, तशीच वली माझ्या तळहातावर ठिवली.

"लाव," म्हणले.

माणूस हाय का काय हाय, मला वाटलं. लेक एका हातानं छातीशी धरली, ती अजून हुंदके देत व्हती, अन् दुसऱ्या हातानं बी लावली. आंगठ्यानं दाबून धरली. मग भोवऱ्याचा शेवटचा वळसा राहिला व्हता, पाच-सात दाणे, ते लावले. यष्टीचा टाइम होऊन गेला व्हता, आत्या काय म्हणतेल ते डोक्यात वाजत व्हतं, तरी लावले. काशीनं मान वाकडी केली व्हती अन् वल्या डोळ्यानं माझ्याकडं बगत व्हती.

आता म्हणतेत "केस उलटा झोपलाय", आता खरवडतेत, म्हणून मी मान खाली घालूनच बसले. कुणी काही बोलंना. मागं वळून बगितलं.

वर्गात कुणी नव्हतं. दारातून हापसा दिसत व्हता. मास्तर तितं पाठमोरे उभे व्हते, तंबाखू मळत.